सार्वजनिक पैसा आणि सोसायटीचे फाटक

१८८२ साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले आणि थोड्याच काळात ते गेले. ज्या ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी नगरपालिकेने करार केला होता तिचे दिवाळे निघाले, आणि मंडईत पुन्हा गॅसचा उजेड आला. पुढे १८९१ मध्ये नवी योजना विचारात घेण्यात आली, आणि १८९४ मध्ये नगरपालिकेने स्वतःच्या तिजोरीतून वीजनिर्मितीच्या यंत्रसामग्रीसाठी रक्कम मंजूर केली तेव्हा मंडईत दुसऱ्यांदा विजेचा प्रकाश पडला. मुंबईच्या विजेचा इतिहास सांगताना हा प्रसंग बहुधा दोन-चार ओळींत आटोपला जातो. आम्हांला मात्र तो अलीकडे पुन्हा पुन्हा आठवतो, याचे कारण त्यात विजेपेक्षा पैशाची गोष्ट अधिक आहे. कंपनीच्या भरवशावर आलेला दिवा थोड्याच काळात गेला. करदात्याच्या पैशाने आलेला दिवा टिकला. आणि तो लागला मंडईत, जेथे कोणीही जाऊ शकत होते.

आज विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या चार्जिंगसाठी सरकारी पैसा खर्च होतो आहे. महापालिकेच्या वाहनतळांवर, सरकारी कचेऱ्यांच्या आवारांत आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या तळघरांतही हा पैसा जावा, अशी मागणी आहे आणि काही प्रमाणात तसे धोरणही आहे. वर्तमानपत्रांतून या विषयाची चर्चा होते ती मोटारींच्या किमती, बॅटरीचा पल्ला आणि अनुदानाचे आकडे यांच्या अंगाने. साहित्याच्या आणि भाषेच्या अभ्यासकांना त्यात काय स्वारस्य असावे, असा प्रश्न आमच्या सहकाऱ्यांनी आम्हांला विचारलाच. आमचे उत्तर असे, की या साऱ्या धोरणांच्या मुळाशी एक मराठी शब्द आहे, आणि त्या शब्दाने दीडशे वर्षांत फार सोसले आहे. तो शब्द म्हणजे ‘सार्वजनिक’.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शब्दाला नवे वजन आले. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त होते पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या असंतोषाचे, म्हणजे पुन्हा एका सामाईक मालमत्तेच्या हिशेबाचेच. सभेचे सभासद होण्यासाठी किमान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. गणेश वासुदेव जोशी यांना लोकांनी ‘सार्वजनिक काका’ हे नाव दिले ते याच सभेमुळे. येथे ‘सार्वजनिक’ म्हणजे प्रतिनिधित्वाचा दाखला असलेले. अर्थात ज्यांच्या वतीने ही मुखत्यारपत्रे लिहिली जात ते ‘सर्व जन’ कोण, हा प्रश्न उरतोच. जोतीराव फुल्यांच्या अखेरच्या ग्रंथाचे नाव ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ आहे. तो त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये, प्रसिद्ध झाला. एकाच शहरात, वीस वर्षांच्या अंतराने, एकच विशेषण दोन ठिकाणी आले, आणि दोन्ही ठिकाणी त्याचा परीघ वेगळा आहे. आमच्या वर्गात हा फरक शिकवताना विद्यार्थी सहसा जागे होतात.

फुल्यांचा आणि नगरपालिकेच्या पैशाचा संबंध मात्र पाठ्यपुस्तकांत फारसा येत नाही. ते काही वर्षे पुणे नगरपालिकेचे नेमलेले सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या पुणेभेटीनिमित्त नगरपालिकेने स्वागतासाठी हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव आला तेव्हा त्याला विरोध करणारे फुले एकटेच होते. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. करातून आलेल्या रुपयाला नैतिक मालक असतो आणि तो मालक बहुधा सभागृहात हजर नसतो, ही जाणीव त्या विरोधामागे दिसते. ज्या मंडईतल्या दिव्यांपासून आम्ही सुरुवात केली तिचे आजचे अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. नामांतर करणाऱ्यांच्या मनात हा हजार रुपयांचा प्रसंग होता की नाही, कोण जाणे. पण नाव चपखल बसले आहे.

‘सार्वजनिक’ या शब्दाला कायद्याची धार मिळाली ती १९२३ मध्ये. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा यांच्या बाबतीत त्यात एक कसोटी घातली होती, आणि आमच्या विषयासाठी तीच महत्त्वाची. ज्या जागा सार्वजनिक पैशातून बांधल्या वा राखल्या जातात, अथवा ज्यांचा कारभार सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांकडे आहे, त्या सर्वांना खुल्या. म्हणजे प्रवेशाचा हक्क परंपरेवरून किंवा मालकाच्या मर्जीवरून ठरायचा नव्हता, तर पैसा कोणत्या थैलीतून आला यावरून ठरायचा होता. धर्मशास्त्राच्या वादात न शिरता बोल्यांनी हिशेबाच्या वहीकडे बोट दाखवले. आमच्या मते मराठी सार्वजनिक जीवनातली ही एक अत्यंत चतुर आणि दूरगामी खेळी होती. तिची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही.

पुढचा इतिहास परिचित आहे. सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असताना महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपल्या ताब्यातील तळी खुली असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. चवदार तळ्याचे पाणी खुले झाले नाही. दरम्यान बोल्यांनी ऑगस्ट १९२६ मध्ये दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. आजच्या भाषेत याला ‘सशर्त अनुदान’ म्हणतात, आणि ती कल्पना जणू कुठल्या तरी जागतिक बँकेच्या अहवालातून आली असावी अशा थाटात आपल्याकडे मांडली जाते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे सत्याग्रही तळ्याकडे चालत गेले, ते नगरपालिकेने कागदावर दिलेला हक्क पाण्यापर्यंत नेण्यासाठी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळे खासगी मालकीचे आहे, असा दावा सनातन्यांनी न्यायालयात केला, आणि तो खटला दहा वर्षे चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की तळे नगरपालिकेचेच आहे आणि बहिष्काराची प्रथा अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध झालेले नाही.

येथे आम्हांला थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पाणी नाकारण्यातली क्रूरता आणि चार्जरला जागा नाकारण्यातली गैरसोय यांची तुलना होऊ शकत नाही. तशी तुलना करणे हा महाडच्या स्मृतीचा अवमान ठरेल. आम्ही येथून उचलतो आहोत ती फक्त बोल्यांची कसोटी. सार्वजनिक पैसा जेथे जातो तेथे सार्वजनिक हक्क मागोमाग जातो का? की पैसा फाटकातून आत जातो आणि हक्क बाहेर उभा राहतो?

वाहन आणि वीज यांचा संबंध मुंबईला नवा नाही. ७ मे १९०७ रोजी शहरात विजेची ट्राम धावली. तिच्या आधी, ऑगस्ट १९०५ मध्ये, नगरपालिका, जुनी ट्रामवे कंपनी आणि ब्रश इलेक्ट्रिकल कंपनी यांच्यात करार झाला होता आणि वाडीबंदरला वीजनिर्मिती केंद्र उभे राहिले होते. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, हा सारा उद्योग महापालिकेच्या मालकीचा झाला. तोच आजचा बेस्ट उपक्रम. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. १९६२ ते १९७१ या काळात ट्रॉलीबसही चालून बंद पडली. या वाहनांना ‘चार्जिंग’ लागत नव्हते, कारण वीज रस्त्यावरच, डोक्यावरच्या तारेत होती. तार कंपनीची किंवा महापालिकेची, आणि उतारूने तिची किंमत तिकिटातून भरायची. मजूर आणि बॅरिस्टर एकाच तारेवर चालत. विजेची मोटार आणि स्कूटर आली तेव्हा प्रत्येकाने आपली वीज आपल्या पोटाशी बांधून घेतली. साहजिकच ती भरायची कोठे, हा प्रश्न रस्त्यावरून उठून घराच्या दारात आला. बॅटरीने वाहन मोकळे केले असे आपण म्हणतो. तिने ते वाहनतळाच्या खांबाला बांधून टाकले, असेही म्हणता येईल.

(जाता जाता: एकोणिसावे शतक संपता संपता अमेरिकेत विजेच्या मोटारी रस्त्यावर आल्या तेव्हा जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ‘इलेक्ट्रंट’ नावाचे एक यंत्र योजले होते. रस्त्याच्या कडेला पाण्याच्या बंबासारखा खांब, त्यात नाणे टाकायचे आणि वीज घ्यायची. ते फारसे पसरले नाही. पण त्या यंत्राचे वर्णन वाचताना आज आपल्याकडे मोबाइलवर क्यूआर कोड दाखवून जे चालते त्याचीच आठवण होते.)

भारतात या प्रश्नाची सरकारी नोंद तशी अलीकडची. ‘फेम’ या नावाने ओळखली जाणारी केंद्राची योजना १ एप्रिल २०१५ पासून सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ ला, दहा हजार कोटींच्या तरतुदीसह. त्यात चार्जिंगच्या सोयींसाठी हजार कोटी होते. तत्पूर्वी एक अडसर दूर व्हावा लागला. वीज कायदा २००३ नुसार परवान्याशिवाय वीज विकता येत नाही; मग चार्जिंग करून देणारा दुकानदार वीजविक्रेता ठरतो का? एप्रिल २०१८ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला, की चार्जिंग ही सेवा आहे, विक्री नव्हे. भाषेच्या अभ्यासकांनी या खुलाशाकडे जरूर पाहावे. वस्तू तीच, तार तीच, मीटर तोच. क्रियापद बदलले आणि एक धंदा कायदेशीर झाला.

फेमच्या दुसऱ्या टप्प्यात ६८ शहरांत मिळून २,८७७ केंद्रे मंजूर झाली, आणि मार्च २०२३ मध्ये तीन सरकारी तेलकंपन्यांना ७,४३२ केंद्रांसाठी ८०० कोटी मंजूर झाले. म्हणजे पैशाचा मोठा ओघ पेट्रोलपंपांकडे वळला. यातला तर्क सोपा: जागा तयार, मालक एक, हिशेब तपासायला सोयीचा. पण विजेचे वाहन पेट्रोलच्या वाहनासारखे रस्त्यात थांबून पाच मिनिटांत भरून घेण्याचे नसते. ते बहुतांशी रात्री, मालक झोपलेला असताना, संथपणे भरते. महाराष्ट्रात आणि देशात विजेच्या वाहनांत संख्येने अधिक असलेल्या दुचाकींना तर साधा पंधरा अँपियरचा सॉकेट पुरतो. मग प्रश्न उरतो तो सॉकेटचा नव्हेच, सॉकेटपर्यंतच्या तारेचा, तिच्या मीटरचा आणि ज्या भिंतीवर तो लावायचा त्या भिंतीच्या मालकीचा.

ही अडचण राज्यांच्या लक्षात आली होती. दिल्लीने ऑगस्ट २०२० च्या धोरणात पहिल्या तीस हजार चार्जिंग पॉइंटांना प्रत्येकी सहा हजार रुपयांपर्यंत साहाय्य देऊ केले. महाराष्ट्राच्या जुलै २०२१ च्या धोरणात पंधरा हजार संथ चार्जरांना किमतीच्या साठ टक्के, कमाल दहा हजार रुपये, आणि पाचशे मध्यम व जलद केंद्रांना पन्नास टक्के, कमाल पाच लाख रुपये, अशी तरतूद होती. मुंबई महानगर क्षेत्रात १,५००, पुण्यात ५००, नागपुरात १५० अशी उद्दिष्टेही ठरवली होती. सोसायटीत चार्जर बसवणाऱ्यांना मालमत्ताकरात सवलत द्यावी, असे स्थानिक संस्थांना सुचवले होते. नव्या इमारतींत वाहनतळाचा वीस टक्के भाग चार्जिंगसाठी सज्ज असावा आणि त्यातील तीस टक्के सामाईक जागेत असावा, असेही होते. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये दादरच्या कोहिनूर सार्वजनिक वाहनतळावर चार्जिंग केंद्र सुरू झाले तेव्हा महापालिकेच्या जागेवरचा हा प्रयोग लोकांना डोळ्यांनी दिसला.

या साऱ्या तरतुदींत आम्हांला एक गफलत दिसते. अनुदान चार्जरच्या पेटीला होते; तारेला नव्हते. नळाच्या तोटीला पैसे द्यायचे आणि पाइप ज्याचा त्याने टाकावा असे म्हणायचे, तसा हा प्रकार. चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतीत मीटरची खोली एका टोकाला आणि वाहने दुसऱ्या टोकाला असतात. मंजूर वीजभार पंखे, दिवे आणि एखाद-दुसरा गीझर यांच्या हिशेबाने घेतलेला. पुढे वातानुकूलन यंत्रांनी तो आधीच ताणलेला. तेथे पहिल्या दोन-तीन रहिवाशांना चार्जर बसवता येतो. त्यानंतरच्याला सांगितले जाते, की आता भार वाढवावा लागेल, कदाचित ट्रान्सफॉर्मरही. म्हणजे पहिल्यांना स्वस्तात मिळते आणि शेवटच्याच्या गळ्यात साऱ्यांचा खर्च पडतो. अनुदान अर्थातच पहिल्यांना मिळून गेलेले असते. ज्याच्याजवळ मोटार आधी आली त्याच्याजवळ पैसाही आधी होता, हे वेगळे सांगायला नको.

ब्रिटनने ही चूक करून मग दुरुस्त केली, म्हणून तेथले उदाहरण उपयोगी. तेथे घरी चार्जर बसवणाऱ्या कोणालाही अनुदान मिळे. एप्रिल २०२२ पासून स्वतंत्र घराच्या मालकांना ते बंद झाले, आणि सदनिकांत राहणारे व भाडेकरू यांच्यापुरते ठेवण्यात आले: खर्चाच्या ७५ टक्के, कमाल ३५० पौंड. शिवाय निवासी इमारतींच्या मालकांसाठी वेगळी योजना आली, जिच्यात वाहनतळभर तारा टाकण्याच्या कामालाही, पुढे कधीतरी लागतील अशा चार्जरांची सोय धरून, इमारतीमागे कमाल ३०,००० पौंडांपर्यंत पैसे होते. ज्याच्या दारात स्वतःचे अंगण आहे त्याला सरकारने मदत करण्याचे कारण उरलेले नाही, इतके स्पष्टपणे म्हणायला त्या देशाला काही वर्षे लागली. आपल्याकडे अंगण असणारे शहरात थोडेच. पण आपली अनुदाने अंगण गृहीत धरून लिहिली गेली.

नॉर्वेचा दाखला सगळेच देतात, आणि तो देताना करसवलतींवर थांबतात. आमच्या मते ओस्लोची खरी गोष्ट वेगळी आहे. ते शहर सदनिकांचे. बहुसंख्य लोक सहकारी वा संयुक्त मालकीच्या इमारतींत राहतात. ‘बोरेट्सलाग’ हा तेथील गृहनिर्माण सहकाराचा प्रकार आपल्या सोसायटीच्या जवळचा आहे. २००८ पासून महापालिकेने रस्त्याच्या कडेला चार्जिंगचे खांब उभे करायला घेतले. त्यांवर बरीच वर्षे वीज फुकट होती. २०१९ मध्ये महापालिकेने पैसे आकारायला सुरुवात केली. सोसायट्यांनाही पालिकेने साहाय्य दिले. पण पैशाइतकाच महत्त्वाचा ठरला तो कायदा. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या सदनिकामालकीच्या कायद्यानुसार रहिवासी चार्जिंगची सोय मागतो तेव्हा मंडळाला सयुक्तिक कारण असल्याशिवाय नकार देता येत नाही. सिद्ध करण्याचे ओझे मागणाऱ्यावरून नाकारणाऱ्यावर गेले. २०२४ मध्ये त्या देशात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के विजेच्या होत्या. त्या रात्री कोठेतरी उभ्या राहत होत्या, आणि ते ‘कोठेतरी’ आधी निर्माण केलेले होते.

आपल्याकडच्या सोसायटीत ‘कोठेतरी’ कोणाचे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात न्यायालयाने ठरवले, की खांबांवरच्या इमारतीखालील वाहनतळ हा सामाईक भाग आहे आणि बांधकाम व्यावसायिकाला तो स्वतंत्र सदनिकेसारखा विकता येणार नाही. महाराष्ट्राच्या १९६३ च्या सदनिका कायद्याच्या आधारे दिलेला हा निकाल. व्यवहारात मात्र ‘माझे पार्किंग’ हा शब्दप्रयोग गेला नाही. जागा सामाईक, वापर व्यक्तीला नेमून दिलेला, आणि मनात मालकी पक्की, अशी तिहेरी अवस्था आहे. अशा जागेत सरकारी अनुदानाचा चार्जर बसला म्हणजे चौथा पदर येतो. पैसा सर्वांचा, जागा सोसायटीची, वापर एका सभासदाचा, वीज त्याच्या मीटरची. येथे बोल्यांची कसोटी लावायची म्हटली तर कोणत्या टोकाला लावायची?

आम्ही ती अशी लावू. जे सामाईक राहते त्यालाच सार्वजनिक पैसा मिळावा: मुख्य तार, वाढवलेला भार, मीटरचा फलक, अग्निसुरक्षेची सोय, आणि पाहुण्याला व भाडेकरूलाही वापरता येईल असा किमान एक चार्जर. ज्याच्यावर एका सभासदाच्या नावाची पाटी लागणार ती पेटी त्याने स्वतः घ्यावी. यावर आक्षेप येतो, की पेटीला पैसे दिले नाहीत तर लोक विजेच्या गाड्या घेणारच नाहीत. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही; सुरुवातीच्या वर्षांत तो खराही असेल. पण दहा-पंधरा लाखांची मोटार घेणाऱ्याचा निर्णय दहा हजारांवर अडतो, असे आम्हांला वाटत नाही. अडतो तो अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा दुचाकीस्वार. त्याला भिंतीला खिळाही मालकाला विचारून ठोकावा लागतो. आणि त्याच्या नावाने कोणत्याही धोरणात एक ओळही स्वतंत्रपणे आम्हांला आढळली नाही.

अलीकडच्या धोरणांत काही बदल दिसतो, हे नोंदवले पाहिजे. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेच्या १०,९०० कोटींपैकी दोन हजार कोटी चार्जिंगसाठी राखले गेले. तिच्या सप्टेंबर २०२५ मधील मार्गदर्शक सूचनांत सरकारी आवारांतील केंद्रांना, त्यांत सरकारी निवासी वसाहती, रुग्णालये आणि शिक्षणसंस्थाही आल्या, शंभर टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, आणि त्यात ट्रान्सफॉर्मर, तारा अशा मागच्या कामाचाही समावेश आहे. अट एकच: केंद्र सर्वांना खुले हवे. १९२६ चा दुसरा ठराव ज्यांनी वाचला आहे त्यांना ही अट ओळखीची वाटेल. महाराष्ट्राच्या २०२५ च्या नव्या धोरणातही नव्या निवासी इमारतींचा संपूर्ण वाहनतळ चार्जिंगसाठी सज्ज असावा आणि किमान एक सामाईक चार्जर असावा, असे म्हटले आहे. जुन्या इमारतींचे काय, हे मात्र सभासदांच्या सौजन्यावर सोडलेले दिसते. आणि महाराष्ट्रातली शहरे जुन्या इमारतींचीच आहेत.

सौजन्याचा अनुभव आम्हांला आहे. आमच्यापैकी एक जण ज्या सोसायटीत राहतो तेथे गेल्या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर होता. इमारत तीन मजली, लिफ्ट नाही, वाहनतळ खांबांखाली. एका सभासदाने मोटार घेतली होती. त्याला आपल्या मीटरवरून तार ओढायची होती. दुसऱ्याने आगीची भीती काढली, ती अगदीच निराधार म्हणता येत नव्हती, कारण २०२२ मध्ये विजेच्या स्कूटरी पेटल्याच्या बातम्या सर्वांनी वाचल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, “माझ्याकडे गाडीच नाही, मग वाढीव भाराची अनामत माझ्या देखभाल खर्चातून का जावी?” याला सभेत कोणाकडेच बरे उत्तर नव्हते. मग कोणीतरी म्हणाले, “जिन्यातला दिवा तुम्ही एकट्याच लावता का, बाई? पैसे सगळेच देतो की.” त्यावर बाई म्हणाल्या, “जिना मी चढते. तुमची मोटार मी चढत नाही.” सभागृह हसले, आम्हांला वाटते, साऱ्या धोरणसाहित्यात या वाक्याइतका नेमका आक्षेप आढळणार नाही.

तळमजल्यावर भाड्याने राहणारा एक तरुण घरोघरी जेवण पोहोचवण्याचे काम करतो. तो सभासद नसल्याने सभेला नव्हता. त्याची स्कूटर रात्री खिडकीतून काढलेल्या पिवळ्या तारेवर चार्ज होते. पावसाळ्यात त्या तारेवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली असते. सेक्रेटरींनी त्याला दोनदा समज दिली आहे. शिक्षिकाबाईंनीच त्याचा विषय काढला. सामाईक मीटरवर एक वेगळा उपमीटर घेऊन पहारेकऱ्याच्या खोलीजवळ दोन सॉकेट बसवावेत, जो वापरेल त्याने युनिटप्रमाणे पैसे द्यावेत, आणि त्यात भाडेकरूही धरावेत, अशी त्यांची सूचना होती. मोटारवाल्या सभासदाला ती पुरेशी वाटली नाही. त्याच्या मोटारीला त्या सॉकेटवर रात्र पुरली नसती. अध्यक्षांना भाडेकरू हा शब्द इतिवृत्तात यावा की नाही, याची काळजी वाटली. अनुदानासाठी अर्ज कोणी, कोठे करायचा, याची माहिती हजर असलेल्यांपैकी कोणालाही नव्हती.

इतिवृत्तात विषय क्रमांक सात असा लिहिला गेला: ‘विद्युत वाहनांकरिता सार्वजनिक चार्जिंगची सोय करणेबाबत चर्चा झाली. पुढील सभेत विचार व्हावा.’ सही करण्यापूर्वी सेक्रेटरींनी ‘सार्वजनिक’ हा शब्द खोडून त्याजागी ‘सभासदांकरिता’ असे लिहिले, आणि खोडाखोडीवर आद्याक्षरे केली.